जन्माआधीचे हप्ते

टोलेडोतल्या त्या घरमालकाच्या ऑफिसात
बाईनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाली,
वाईट काही नाही तुझ्याबद्दल.
काहीच नाही.

वीस वर्षांचा जिताजागता माणूस,
गोदामात रात्रपाळी, कमरेला पट्टा,
आणि नावापुढे कोरा पांढरा चौकोन.
वाईट असतो तर निदान कुठूनतरी आलो असतो.

ओडेसा आत्याला सांगितलं तेव्हा ती
शाळेच्या बसच्या चाव्या खुंटीला अडकवत होती.
बोलली काही नाही. चष्मा लावला,
बँकेला फोन लावला, बावीस मिनिटं
तेच ते संगीत ऐकत कांदे चिरले,
आणि मग माझं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.
जमारी. जे. जेरिकोमधला जे.
अधिकृत वापरकर्ता, असं म्हणाली, जशी
रविवारी चर्चमध्ये नव्या माणसाची ओळख करून देते.

कार्ड आलं. माझ्या नावाची उठलेली अक्षरं.
तिनं मला ते धरू दिलं,
अंगठा फिरवू दिला एकदा,
मग परत घेतलं
आणि बिस्किटांच्या निळ्या डब्यात
सुया-बटणांच्या खाली सारलं.
"नाव तुझं. पत माझी.
तुझ्या बापाच्या हातात मी दोन्ही दिलं होतं."
पुढचं मी विचारलं नाही.

दीड महिन्यानं फोनवर उघडून पाहिलं:
खातं सुरू, ऑक्टोबर त्र्याण्णव.
मी दोन हजार चारचा.
म्हणजे जन्माआधी अकरा वर्षं
मी वेळच्या वेळी पैसे भरत होतो.

आईच्या पोटात यायच्या आधी मी
एक कोट घेतला होता, जांभळा, बायकी,
आणि चार महिन्यांत फेडला होता.
मी गाडीचा गिअरबॉक्स बदलला.
आजीच्या थडग्यावरचा दगड
थोडा थोडा करून, व्याजासकट, विकत घेतला.
काचेचा कारखाना बंद पडला त्या वर्षी
नुसती किमान रक्कम भरली,
पण भरली, चौदा तारखेच्या आत.
त्या रात्री जेवायला काय होतं
ते रिपोर्टात येत नाही.

हिरवे चौकोन, एकामागे एक, कुठंच खाडा नाही.
"दोन हजार एकला दोन महिने चुकले होते,"
आत्या म्हणाली, "तुझ्या बापापायी.
सात वर्षांनी पुसतात ते."
आणि तू?
"मला कुठं सात वर्षांची अट आहे."

घर मिळालं. रुळांजवळ, एका खिडकीचं.

फेब्रुवारीत तिचा गुडघा बदलला.
मांजराला खायला घालायला गेलो तर
पत्रपेटीत बर्फानं भिजलेलं बिल:
अडुसष्ट डॉलर बारा सेंट, शेवटची तारीख चौदा.
आज तेरा.
गोदामातल्या सुट्टीत, दोन ट्रकांच्या मधे उभं राहून
मी माझ्या खात्यातून भरले.
बोटं गारठलेली. आकडा दोनदा चुकला.

घरी आली तेव्हा गुडघ्याचं काही बोलली नाही,
मांजराचंही विचारलं नाही.
"चौदा तारीख?"
भरलं, म्हटलं.
बसच्या मोठ्या आरशातून
मागच्या सीटवरच्या पोराकडे बघावं
तसं बघितलं तिनं माझ्याकडे,
आणि चेकबुक मागितलं.
अडुसष्ट, बारा. सही. टर्रकन फाडला.

मी तो वटवला नाही.
पाकिटात ठेवला, लायसनच्या मागे.

मे महिन्यात तिचा फोन आला, पहाटे पाचला,
बस काढायच्या आधी:
"जमारी, तो चेक बँकेत टाक.
तुझ्यापायी माझी वही जुळत नाहीये."